मदत हवी आहे: आयसोमेट्रिकवरून टॉप व्ह्यू काढला तर 80 ची वस्तू 101 भरतेय

नमस्कार. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. आयसोमेट्रिक आकृतीवरून (वस्तूच्या तीन बाजू एकदम दिसतील अशी तिरकस काढलेली आकृती) फ्रंट, टॉप आणि डावीकडचा साइड व्ह्यू काढायचा आहे, फर्स्ट अँगलमध्ये (व्ह्यू कागदावर कुठे मांडायचे याची एक पद्धत). दोन संध्याकाळी गेल्या, रबराने कागद पातळ झाला, पण मापं काही जुळत नाहीत.

आकृती इथे चढवता येत नाहीये, म्हणून शब्दांत सांगते. सगळी मापं मिमीमध्ये. खाली प्लेट, 80 लांब, 50 रुंद, 15 जाड. तिच्या डाव्या टोकाला उंचवटा. त्याचा सपाट माथा 20 रुंद आणि तळापासून उंची 45. माथ्याच्या उजव्या कडेपासून उतार सुरू होतो तो पूर्ण रुंदीभर खाली येऊन प्लेटच्या वरच्या बाजूला टेकतो. पुढे प्लेट 20 सपाट उरते. तिच्या उजव्या कडेला मधोमध 20 रुंद, 10 आत गेलेली आरपार खाच आहे. फ्रंट व्ह्यू कुठून बघायचा ते दाखवणारा बाण 80 च्या बाजूवर, आणि ती बाजू आकृतीत डाव्या हाताला.

उताराचं माप दिलेलंच नाही. म्हणून आधी पूर्ण मापात आयसोमेट्रिक काढलं आणि तिरकी कड पट्टीने मोजली, ती 61 आली. फ्रंट व्ह्यूमध्ये कर्कटकात 61 घेऊन कंस मारला, तर सपाट भाग 20 ऐवजी जेमतेम 7 उरला आणि खाच उताराच्या पोटात शिरली! टॉप व्ह्यूमध्ये 20, 61, 20 मांडले, तर बेरीज 101.

दुसरं म्हणजे, डावीकडून बघितलं तर मला नुसता आयत दिसतो. एवढा मोठा उतार गेला कुठे?

प्रतिसाद 1
आयसोमेट्रिक स्केल विसरलीस. 61 ला 0.816 ने गुण.

धागाकर्ती
गुणलं, 49.8 आलं. कंस मारला तर फ्रंट व्ह्यू जवळजवळ बसला! पण टॉप व्ह्यू अजून 90 भरतोय. म्हणजे अर्धंच सुटलं?

प्रतिसाद 2
थांब, सुटलेलं काहीच नाही. तो योगायोग आहे, आणि वाईट प्रकारचा, कारण पुढच्या आकृतीत तू हेच करशील.

0.816 चा आकडा तीन अक्षांना समांतर असलेल्या रेषांसाठी असतो. आयसोमेट्रिक प्रोजेक्शन काढताना 80 ची कड 65.3 काढतात, तिथे तो लागतो. तू पूर्ण मापात काढलंयस, मग त्याचा इथे संबंधच नाही. तिरकी कड कुठल्याच अक्षाला समांतर नाही, त्यामुळे कागदावर ती खऱ्यापेक्षा लांबही दिसू शकते आणि आखूडही. पटत नसेल तर त्याच बाजूवर उतार उलटा, म्हणजे उजवीकडून डावीकडे उतरणारा काढ आणि मोज. 36 येईल. उतार तोच, वस्तू फक्त आरशातली. आता 36 ला 0.816 ने गुणून काय येतं बघ.

म्हणून तिरकी रेषा कधीही मोजायची नाही. तिची दोन टोकं शोधायची. वरचं टोक डाव्या कडेपासून 20 वर, उंची 45. खालचं टोक उजव्या कडेपासून 20 आत, म्हणजे डावीकडून 60 वर, उंची 15. फ्रंट व्ह्यूमध्ये हे दोन बिंदू ठेव आणि पट्टीने जोड. कर्कटक पेटीतच राहू दे.

टॉप व्ह्यूमध्ये उताराची उंची दिसत नाही, फक्त आडवा पल्ला दिसतो: 80 वजा 20 वजा 20, म्हणजे 40. फ्रंट व्ह्यूमधल्या उताराच्या दोन्ही टोकांतून खाली प्रोजेक्टर (बारीक उभ्या मदतरेषा) सोडलेस तर बेरीज करायचीही गरज नाही.

प्रतिसाद 3
साइड व्ह्यूबद्दल. आयत बरोबर आहे, 50 रुंद, 45 उंच. डावीकडून बघताना उंचवटा समोर उभा आहे, उतार त्याच्या पाठीमागे. पण मागे दडलेल्या कडा तुटक रेषांनी दाखवायच्या असतात. तळापासून 15 वर पूर्ण रुंदीची आडवी तुटक रेषा येईल, कारण उतार तिथे प्लेटला टेकतो. खाचेच्या दोन उभ्या तुटक रेषा, दोन्ही बाजूंनी 15 आत, तळापासून त्या आडव्या रेषेपर्यंत. उताराची वरची कड आयताच्या वरच्या बाजूवरच पडते. दिसणारी आणि लपलेली रेषा एकावर एक आली की दिसणारीच काढायची.

फ्रंट व्ह्यूमध्येही खाचेची एक तुटक रेषा येते, उजव्या कडेपासून 10 आत. ती बहुतेक जण विसरतात.

आणि जागा सांभाळ. फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली आणि डावीकडचा व्ह्यू उजवीकडे जातो.

मला स्वतःला हे डोक्यात बसवायला साबणाची वडी कापावी लागली होती. हसू नका, पाच मिनिटांचं काम आहे. वडी एका डोळ्यासमोर सरळ धरायची आणि दिसेल तेवढंच काढायचं.

धागाकर्ती
उलटा उतार खरंच 36 आला! गुणून 29.4. आता कळलं.

दोन बिंदू जोडून नवीन फ्रंट व्ह्यू काढला. सहज मोजलं तर तिरकी रेषा बरोबर 50 (आडवं 40, उभं 30). उताराचं टोक आणि खाच यांत 10 ची जागा सुटलीय. टॉप व्ह्यू 80.

एकच राहिलं: टॉप व्ह्यूमध्ये उतार जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे उभ्या रेषा द्यायच्या का? पृष्ठभाग तर सलगच आहे.

प्रतिसाद 2
द्यायच्या, दोन्ही सलग आणि ठळक. पृष्ठभाग तिथे वळतो, कोन होतो, म्हणजे कड आहे. गोलाई देऊन अलगद मिसळला असता तर रेषा आली नसती.

धागाकर्ती
दिल्या. आता शीट शाईने पक्की करायला घेते, रबर संपलंय.