मदत हवी आहे: सकाळच्या सत्रात नववी-दहावीला लोहाच्या गोळ्या कशा द्यायच्या?

सातपूरच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत आरोग्याचं काम माझ्याकडे आहे. आठवड्यातून एकदा निळी गोळी देतो (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड). आठवीपर्यंत अडचण नाही, पोषण आहार झाला की वर्गातच देतो. नववी-दहावीला मात्र आहार नाही आणि शाळा सकाळी सातची. आईवडील एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेले असतात, त्यामुळे बरीच मुलं नुसत्या चहावर येतात. उपाशीपोटी गोळीने मळमळतं, मग पुढच्या वेळी मुली ती दप्तरात लपवतात. त्यांना रागवावंसं वाटत नाही, त्रास खरा आहे.

गोळ्या घरी देऊन पाहिल्या, पण घेतल्या की नाही हे कळत नाही. पालकसभेत समजावलं, शौचाला काळं होणं घातक नाही हे सांगितल्यावर भीती बरीच कमी झाली. मधल्या सुट्टीत डब्यानंतर द्यावी, तर डबा न आणणारेच राहून जातात, आणि गरज त्यांनाच जास्त.

मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत, वेगळा निधीही नाही. गोळीच्या दिवशी गूळ-शेंगदाण्यासारख्या खाऊची सोय कुणी केली आहे का? खर्च कुठून भागवला आणि परवानगी कुणाची घ्यावी लागली?