एलडॅकच्या शिक्क्यासाठी तीन हजार जास्त घालू नका (मी घातलेत)

टिळकवाडीकर:
गेल्या महिन्यात हेडफोन घेतला. दुकानातल्या पोराने खोक्यावरचा एलडॅकचा (ब्लूटूथवरनं गाणं पाठवायचा सोनीचा कोडेक) शिक्का दाखवला, म्हणाला याच्याशिवाय घेऊच नका, आणि मी पण शहाणा, तीन हजार जास्त घालून घेऊन आलो. फोन कुठला आहे हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आयफोन आहे. आयफोनात एलडॅक नाही, ॲपटेक्सपण नाही, एसबीसी आणि एएसी हे दोनच कोडेक. म्हणजे माझा शिक्का खोक्यावरच राहिला.

मग आठवडाभर रात्री वाचत बसलो, त्यातनं झालेलं मत सांगतो, पटलं नाही तर हाणा. कोडेक म्हणजे गाणं हवेतनं पाठवायच्या आधी दाबून बारीक करायची रीत. सीडीवरचं गाणं सेकंदाला 1411 किलोबिट, एवढं ब्लूटूथमधनं जात नाही म्हणून. दाबणार फोन, उलगडणार हेडफोन, तेव्हा दोघांना एकच रीत यायला पाहिजे. आपल्या बेळगावच्या बाजारात कसं, गिऱ्हाईकाला फक्त कन्नड, दुकानदाराला फक्त मराठी, मग दोघंपण तोडक्या हिंदीवर येतात, तसं काहीच जमलं नाही की एसबीसी. ती 2003 पासून सगळ्यांना सक्तीचीच आहे.

माझं म्हणणं, आवाज बनतो तो हेडफोनच्या बनावटीने आणि कानावर नीट बसण्याने. कोडेकसाठी वेगळे पैसे म्हणजे कुंदा घेताना डब्याचे पैसे जास्त मोजणं.

वडगावचा तबलजी:
भावा, दुकानदाराचा राग एलडॅकवर कशाला काढूलास? तुझा आयफोन यात त्याची काय चूक. सोनीने 2015 ला आणलं आणि 2017 च्या ॲन्ड्रॉइड 8 म्हणजे ओरिओपासनं फोनाकडचा भाग ॲन्ड्रॉइडलाच देऊन टाकला, म्हणून साध्या साध्या फोनातपण येतंय. मी रोज ऐकूलोय. एसबीसीवर तानपुऱ्याची जवारी चिकट होते, झांज वाजली की वाळू सांडल्यागत. एलडॅक 990 किलोबिटला लावलं की मोकळं. एसबीसी सव्वातीनशेच्या आसपास संपतंय, इथं तिप्पट माल जातोय, फरक पडणारच की.

खानापूर अपडाऊन:
990 तुम्हाला घरी बसून मिळत असेल. मी रोज बसने येतो, फोन मागच्या खिशात, हेडफोन डोक्यावर, मधे मी उभा. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं, वायफायपण तिथेच, आणि आपल्या अंगातलं पाणी ती लहर पिऊन टाकतं. सीबीटीवर, म्हणजे मुख्य बसस्टँडवर उतरलं की गाण्याचे नुसते तुकडे. एलडॅकला 990, 660, 330 असे तीन गिअर आहेत, आपोआपवर ठेवलं की गर्दीत खालच्या गिअरवर येतंय. मग 330 चं एलडॅक आणि 328 चं एसबीसी यात शिक्का सोडून काय उरलं हो? मी एएसीवर ठेवलंय. तुटत नाही, माझं भागतंय.

निपाणीवाला:
एएसीचं पण बघून घ्या. आयफोनवर चांगलं चालतंय, ॲन्ड्रॉइडवर मात्र फोनगणिक वेगळं, कुठला फोन कसा दाबेल नेम नाही. आणि एसबीसीला तोडकी हिंदी म्हणालाय ते मला पटलं नाही. पुरा रेट दिला तर बरं वाजतंय ते, स्वस्तातले हेडफोन रेट कमी धरून बसत्यात आणि नाव एसबीसीचं खराब.
माझा प्रश्न येगळाच आहे, गेम खेळताना गोळी आधी दिसत्या, आवाज मागनं येतोय. यूट्यूबवाले व्हिडिओच थोडा थांबवून आवाजाशी जुळवून घेत्यात, गेमला ते जमत नाही. ॲपटेक्स लो लेटन्सी म्हणून कमी उशिराचा कोडेक हाय, त्याला 40 मिलिसेकंदच लागत्यात म्हणे, पण तेबी दोन्हीकडं पाहिजे. शेवटी वायर लावली.

शहापूरची सून:
तुमचं गाण्यावर भांडण, मला मीटिंगचं पडलंय. घरनं काम करते, नवा हेडफोन लॅपटॉपला लावला, गाणं एकदम छान, मीटिंग सुरू झाली की सगळे पत्र्याच्या डब्यातनं बोलूलेत. खराब म्हणून परत केला, बदली आला तो पण तस्साच! नंतर कळलं की माईक चालू झाला की गाण्याची वाट बंद होते आणि फोनकॉलची जुनी वाट सुरू होते, तिथं तुमचं एलडॅकही नाही आणि एएसीही नाही. कॉलचे कोडेक वेगळे, सीव्हीएसडी असेल तर आवाजाचे सेकंदाला 8 हजार नमुने, एमएसबीसी असेल तर 16 हजार. सीडीला 44,100 असतात. उपाय फुकटचा आहे, माईक लॅपटॉपचाच निवडायचा आणि हेडफोन नुसता ऐकायला ठेवायचा. खोक्यावर हे कोण छापत नाही.

निपाणीवाला:
वैनी, हे आधी सांगायचं न्हवं, म्या दोन वर्षं आमच्या साहेबाच्या आवाजाला नावं ठेवालोय.

टिळकवाडीकर:
तबलजी, तुमच्यामुळे काल प्रयोग केला. मेहुण्याचा ॲन्ड्रॉइड घेतला, सेटिंगमधे बिल्ड नंबरवर 7 वेळा टिचक्या मारल्या की डेव्हलपर ऑप्शन उघडतात, तिथं कोडेक बदलता येतो. मी पाठ करून बसलो, मेहुणा एसबीसी आणि एलडॅक मनाला येईल तसं बदलत होता. कुमार गंधर्वांचं जुनं रेकॉर्डिंग लावलेलं. दहात सहा ओळखले.

खानापूर अपडाऊन:
नाणं उडवलं असतंस तरी पाच आले असते.

वडगावचा तबलजी:
थांब थांब. कुमारजी आपल्या सुळेभावीचे, त्यांचं काहीपण लाव, पण परीक्षेला जुनं रेकॉर्डिंग? मुळात जे टेपवर उतरलंच नाही ते एलडॅक कुठनं आणणार? आणि लावलंस कुठनं, यूट्यूबवरनं ना? तिथं गाणं आधीच सव्वाशे-दीडशे किलोबिटला दाबलेलं असतंय. चुरगळलेल्या कागदाची चांगली झेरॉक्स काढूलास तू. नवीन रेकॉर्डिंग घे, फ्लॅक फाइल (काही न गमावता दाबलेली) घे, आणि त्याच डेव्हलपर ऑप्शनात खाली एलडॅकची क्वालिटी असते, ती 990 ला कर. नाहीतर ते आपल्या मनाने 330 वरपण बसलेलं असेल.

टिळकवाडीकर:
यूट्यूबच होतं. क्वालिटी बघितली नाही.

खानापूर अपडाऊन:
म्हणजे हिशोब करा. आधी फाइल पाहिजे, मग फोन पाहिजे, मग सेटिंग पाहिजे, मग रिकामी खोली पाहिजे, घरात कोण वायफायवर सिनेमा बघत नको. एवढं सगळं जुळेपर्यंत गाणं ऐकायचा मूडच जाईल.

वडगावचा तबलजी:
तंबोरा जुळवायलापण अर्धा तास जातोय की. ज्याला घाई आहे त्याने बसमधेच ऐकावं, मी नको कुठं म्हणूलोय.

शहापूरची सून:
एलई ऑडिओ म्हणून ब्लूटूथची नवी रीत आहे ना, एलसी3 कोडेकवाली? 2020 ला जाहीर झालीय. त्यात माईक चालू असतानापण आवाज चांगला राहतो.

खानापूर अपडाऊन:
राहतो, पण लॅपटॉपात पाहिजे, हेडफोनात पाहिजे. पुन्हा तेच, दोघांना येत असेल तर.

निपाणीवाला:
टिळकवाडीकर, तो हेडफोन तुमच्याकडं पडूनच असंल तर केवढ्याला देताय? माझा फोन ॲन्ड्रॉइड हाय. शिक्क्याचे तीन हजार मात्र धरायचे न्हाईत.