मदत हवी आहे: अठराव्या शतकातला गाऊन बॅगेतून कसा न्यावा?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरची. फेब्रुवारीत नणंदेकडे इटलीला चाललेय आणि व्हेनिसच्या कार्निव्हलला मी शिवलेलाच गाऊन घालायचा, हे पक्कं ठरलंय. नमुना १७६०च्या सुमाराचा फ्रेंच: पाठीवर मानेपासून थेट जमिनीपर्यंत सुटणाऱ्या रुंद बॉक्स प्लेट्स (दोन्ही बाजूंनी आत दुमडलेल्या चुण्या). त्यासाठी आईच्या दोन रेशमी साड्या कापल्या (कात्री लावताना हात थरथरत होता), आत इथल्याच सुती कापडाचं अस्तर.

अडलंय ते कमरेच्या दोन्ही बाजूंना घेर धरणाऱ्या सांगाड्याशी. त्या काळी वेत किंवा देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या वापरत. मी वेत भिजवून वाकवला, पण वाळताना दोन जागी चिरला आणि टोक अस्तरातून बाहेर आलं. त्याऐवजी प्लास्टिकच्या केबल टायच्या पट्ट्या वजन पेलतील का? घडी पडणारा सांगाडा कुणी शिवलाय का? बोटीत चढताना घेर आवरता यायला हवा.

दुसरं, प्लेट्स न चुरगळता गाऊन बॅगेत कसा भरू? गुंडाळून की मलमल घालून घडी करून? थंडीसाठी आत लोकरीचे कपडे घालेन. ज्यांनी असं काही शिवून परदेशी नेलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. फोटो असतील तर फारच मदत होईल.