सहनिवास परिवार (फक्त कामाचे मेसेज)

*सावनी, ए-२०३:* दुसरीतली पोरं 'त्रेपन्न' ऐकून ३५ लिहितात आणि क्लबहाऊसच्या क्लासवाल्या बाई म्हणतात, लक्ष नसतं. फीकडे मात्र त्यांचं बरोबर लक्ष असतं 😐

*देशमुख काका:* पाढे. तीसपर्यंत. रोज सकाळी.

*मृदुला, डी-५०१:* काका, पाढ्यांचा इथे संबंध नाही. त्रेपन्नमध्ये तीन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर. मूल ऐकलं तसं लिहितं. म्हणून तर बालभारतीने २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन' आणलं.

*नितीन, बी-१०२:* केवढे विनोद फिरले होते त्यावर 😂 बाय द वे, बी विंगला पाणी कधी?

*मृदुला, डी-५०१:* विनोद करणाऱ्यांनी पुस्तक उघडलं नसावं. असो. सावनी, आइस्क्रीमच्या शंभर काड्या घे. दहा-दहाचे गठ्ठे मुलांनाच बांधू दे. आयते दिले तर दहा मोजलेच जात नाहीत. पाच गठ्ठे डावीकडे, तीन सुट्ट्या उजवीकडे, तोंडाने 'पन्नास तीन, त्रेपन्न', मगच पेन्सिल.

*सावनी, ए-२०३:* आणि एकोणतीसला ३९?

*मृदुला, डी-५०१:* 'तीस' ऐकू येतं ना! गणितमाळेवर तिसाव्याच्या अलीकडचा मणी दाखव. ९९ मात्र नव्व्याण्णव, एकोणशंभर नाही. तो पाठच करायचा.

*देशमुख काका:* शेवटी पाठच! पाढे. तीसपर्यंत.

*कुलकर्णी वहिनी:* आधी बोटं मोजणं बंद करा म्हणावं.

*मृदुला, डी-५०१:* नको वहिनी. ८+५ करताना एकपासून मोजतात की आठच्या पुढे नऊ, दहा, ते बघा. दहाच्या जोड्या (८ आणि २, ७ आणि ३) पक्क्या झाल्या की पाचातले दोन आठाला देतात, उरले तीन, झाले तेरा. बोटं आपोआप सुटतात.

*नितीन, बी-१०२:* ५२−१७=४५ कुठून येतं? (पाण्याचं उत्तर राहिलंय.)

*मृदुला, डी-५०१:* दोनातून सात जात नाहीत, मग सातातूनच दोन काढतात. हातच्याआधी काड्या: एक गठ्ठा सोडला की चार गठ्ठे, बारा सुट्ट्या. त्यातून एक गठ्ठा, सात सुट्ट्या काढायच्या.

*देशमुख काका:* पाढे.

*मृदुला, डी-५०१:* हो काका, तेही, पण मांडून. सात ओळींत आठ-आठ बटणं. ताट फिरवलं की आठ ओळींत सात. निम्मं पाठांतर वाचतं.

*सचिव:* कृपया विषयांतर टाळावे. टँकर ६ वाजता.

*मृदुला, डी-५०१:* काड्या लॉबीत ठेवते, ज्यांना हव्यात त्यांनी न्याव्यात.

*नितीन, बी-१०२:* तिथे आधीच कुणाच्या तरी दोन सायकली आहेत, जागा होईल ना? 🙏