मदत हवी आहे : १५ वर्षांच्या मिडफिल्डर मुलीला व्यावसायिक फुटबॉलकडे कसं न्यावं?

कोल्हापूरची_मावशी
भाची नववीत आहे, १५ पूर्ण. शाळेच्या संघात सेंट्रल मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत खेळते. दम चांगला, दोन्ही पाय चालतात, पण अंगावर कुणी आलं की चेंडू मागेच देते. सरावात नेमकं काय वाढवावं? इंडियन विमेन्स लीग या देशातल्या महिलांच्या मुख्य लीगपर्यंतची वाट कशी असते? एका गृहस्थांनी युरोपात ट्रायल लावून देतो म्हणून ७५ हजार मागितले आहेत, द्यावेत का? आणि दहावीला बाहेरून बसवून पूर्णवेळ खेळू द्यावं का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

हाफटर्न
ताई, आधी पैशांचं. एक रुपयाही देऊ नका. १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली फिफाच्या नियमांनुसार होतच नाही. फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने आईवडीलच तिकडे राहायला गेले, असे मोजके अपवाद आहेत. म्हणजे ट्रायलमध्ये निवड झाली तरी तिची तिथे नोंदणी होणार नाही. भारताची खेळाडू मनीषा कल्याण हिचा क्रम बघा: आधी गोकुलम केरळ क्लबकडून आपल्या इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळली, मग २०२२ मध्ये, विशीत, सायप्रसच्या अपोलॉन लेडीजकडे गेली आणि त्याच वर्षी युरोपातल्या क्लबांच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरणारी पहिली भारतीय ठरली. ज्या क्लबला खेळाडू हवी असते, तो क्लब पैसे देतो, मागत नाही.

आता खेळाचं. चेंडू मागे देते म्हणून तिला घाबरट म्हणू नका. तिला पाठीमागचं माहीत नसतं, म्हणून ती सुरक्षित पास निवडते, आणि त्या क्षणी तो बरोबरही असतो. चेंडू पायात आल्यावर मान वर केली तर उशीर झालेला असतो. पाहायची वेळ दोनदा येते: चेंडू इतर दोघींच्या मध्ये वाटेत असताना, आणि तिच्याकडे पास सुटायच्या अगदी आधी. हनुवटी खांद्याला टेकेल इतकी मान वळली पाहिजे. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं तर मागची खेळाडू दिसते, पण ती किती लांब आहे आणि कुठल्या बाजूने येते आहे ते कळत नाही.

सराव असा. पास देणारी ८ ते १० मीटरवर. दुसरी मुलगी भाचीच्या पाठीमागे ५ मीटरवर, हाताची बोटं वर करून. चेंडू पायाला लागायच्या आत भाचीने बोटांचा आकडा मोठ्याने सांगायचा. १२ पास, १ मिनिट विश्रांती, असे ४ फेरे, आठवड्यातून ३ दिवस. आकडा चुकेनासा झाला की बोटं बंद. आता मागची एक तर अंगावर धावून येईल, नाही तर जागीच थांबेल. आली तर एका स्पर्शात परत, थांबली तर अर्धं वळून पुढे.

अर्धं वळणं म्हणजे अंग तिरकं ठेवायचं आणि पास देणारीपासून लांबच्या पायाच्या आतल्या बाजूने चेंडू घ्यायचा. इथे हमखास एक चूक होते. मुलगी अंग वळवते, पण चेंडू जवळच्या पायाने थांबवते. मग तो पोटाखाली अडकतो, दुसरा स्पर्श तो सोडवण्यात जातो आणि तेवढ्यात समोरची पोचलेली असते. हे मैदानावर बोलून सुधारत नाही. मोबाइलवर हळू गतीने दाखवा, तिला स्वतःलाच दिसेल.

स्पेनची मिडफिल्डर आयताना बोनमती हिचा एखादा सामना मिळाला तर १० मिनिटं चेंडूकडे अजिबात पाहू नका, फक्त तिची मान पाहा. २०२३, २०२४ आणि २०२५ असा सलग तीनदा बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळवलेली ही खेळाडू उंचपुरी नाही. तिला जागा सापडते ती आधी पाहून ठेवल्यामुळे.

कोल्हापूरची_मावशी
फार उपयोगी पडलं, आभार. पैशांना नाही म्हणून कळवलं. काल व्हिडिओ काढला तेव्हा लक्षात आलं की उडी मारून उतरताना तिचे दोन्ही गुडघे आत वळतात. हे काळजीचं आहे का?

फिजिओ_सांगली
हो ताई, हे आत्ताच धरा. गुडघ्यातला एसीएल हा बंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त आहे आणि बहुतेक वेळा समोरच्याचा धक्काही लागलेला नसतो. उतरताना किंवा दिशा बदलताना गुडघा आत कोसळतो आणि बंध जातो. मिडफिल्डर तर सामनाभर वळतच असते. स्पेनचीच अलेक्सिया पुतेयास २०२१ आणि २०२२ ची बॅलन डी'ओर विजेती. जुलै २०२२ मध्ये युरो स्पर्धेच्या तोंडावर सरावात तिचा हा बंध तुटला आणि ती एप्रिल २०२३ च्या अखेरीस मैदानात परतली.

फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा मोफत वॉर्मअप आहे, एकूण २० मिनिटांचा: ८ मिनिटं हलकी धाव, १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी २ मिनिटं वेगाची धाव. आठवड्यातून किमान दोनदा, सरावाच्या सुरुवातीला. त्यातला मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम (गुडघ्यांवर बसून, कुणीतरी घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं) सुरुवातीला ३ ते ५ वेळाच करा. पहिल्याच दिवशी १५ केले तर दोन दिवस जिना उतरवणार नाही आणि पोरगी तो व्यायामच सोडून देईल. उड्यांच्या वेळी समोरून एकच गोष्ट बघा: गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो का. आत गेला तर उडीची उंची कमी करा, संख्या वाढवू नका.

बुटांचंही तपासा. मुंबईच्या कूपरेजसारख्या कृत्रिम टर्फवर मातीच्या मैदानाचे लांब स्टडचे (तळाच्या खुंट्यांचे) बूट रुततात. पाय अडकून राहतो आणि अंग वळतं. टर्फसाठी आखूड आणि जास्त संख्येने स्टड असलेले वेगळे बूट घ्या. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. पाळी सलग ३ महिने आली नाही तर "खेळाडू आहे, चालायचंच" म्हणून सोडू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. खाणं कमी पडत असेल तर हाडं कमकुवत होतात.

कागद_आधी
वाटेविषयी लिहितो. आत्ता जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा आणि १७ वर्षांखालील मुलींचा सुब्रतो चषक (शाळांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा). सोबत जिल्ह्याच्या लीगमध्ये खेळणारा क्लब धरा, कारण राज्य संघाची निवड वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही महाराष्ट्राची संघटना करते आणि तिची नजर नोंदणीकृत खेळाडूंवर असते. पुढे वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा, जिला आता राजमाता जिजाबाई करंडक असं नाव आहे. लीगचे क्लब खेळाडू हेरतात ते तिथे. जन्मदाखला आणि आधारवरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळवून घ्या. एका क्लबकडे नोंद असताना दुसऱ्याचा फॉर्म भरू नका, आधी ना-हरकत पत्र घ्या.

शाळा सोडू नये असं माझं ठाम मत आहे. २०२४-२५ च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये ८ संघ होते, म्हणजे प्रत्येकाला १४ सामने. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये ठरवलं की प्रत्येक क्लबने किमान १० भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३.२ लाखांचा करार द्यावा. बाकीचं वर्ष नोकरीच्या आधारावर निघतं. जुलै २०२५ मध्ये थायलंडविरुद्ध दोन्ही गोल करून भारताला पात्रता फेरीतून प्रथमच आशियाई चषकात नेणारी संगीता बासफोर मिडफिल्डरच, आणि ती सशस्त्र सीमा बलात नोकरीला आहे. भारताचीच खेळाडू इंदुमती कथिरेसन तमिळनाडू पोलिसात. खेळाडू कोट्यातल्या भरतीलाही दहावी-बारावीची गुणपत्रिका लागते.

करार येईल तेव्हा तीन गोष्टी बघा. १८ च्या आत ३ वर्षांपेक्षा लांब मुदतीवर सही नको, फिफाच्या नियमांत ती मर्यादा आहे. शस्त्रक्रियेचा आणि नंतरच्या फिजिओचा खर्च कोण करणार हे लिहून घ्या. तोंडी आश्वासन दुखापतीनंतर कुणाला आठवत नाही. आणि सही झालेली प्रत त्याच दिवशी घरी आणा. पगार दोन महिने थकला तर लेखी नोटीस देऊन १५ दिवस थांबायचं आणि तरीही नाही आला तर करार मोडता येतो, पण प्रतच हातात नसेल तर दाखवणार काय?

कोल्हापूरची_मावशी
शेवटचं विचारते. क्लबना व्हिडिओ पाठवायचा तर कसा काढावा?

हाफटर्न
मोबाइल मध्यरेषेच्या बाजूला, गॅलरीत किंवा गच्चीवर, जमेल तितक्या उंच आणि आडवा लावा. झूम करू नका, कारण मिडफिल्डरचं काम आजूबाजूच्या खेळाडूंसकट दिसायला हवं. तुकडे जोडून ३ ते ४ मिनिटांचा व्हिडिओ करा, त्यात गोल कमी असले तरी चालतील. दबावात घेतलेले चेंडू, अर्धं वळून पुढे दिलेले पास आणि चेंडू हरवल्यावरच्या पहिल्या ५ सेकंदांतली तिची धाव टाका. प्रत्येक तुकडा पास येण्याच्या ३ सेकंद आधी सुरू करा, म्हणजे मान वळलेली दिसते. गाणं लावू नका. सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक द्या, आणि तो सामना तगड्या संघाविरुद्धचा निवडा, हरलेला असला तरी.