चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जायचंय, एजंट म्हणतो एम व्हिसावर निघा

शिरपूरचा_मास्तर
नमस्कार मंडळी. एम.ए. इंग्रजी, बी.एड. झालंय. चार वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतोय. तासांचे पैसे हातात पडेपर्यंत पुढचं वर्ष उजाडतं. घरी अडीच एकर कापूस, आणि बहिणीचं लग्न तोंडावर आलंय. एक एजंट चीनमध्ये लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं काम देतो म्हणतो. महिना १२,००० युआन आणि राहायला खोली. अडीच लाख मागितलेत, त्यातले ऐंशी हजार दिले. सध्या व्यापाराचा, म्हणजे एम व्हिसा काढू, तिथे गेल्यावर कामाचा करून घेऊ, असं त्याचं म्हणणं. परदेशी मुलांना इंग्रजी शिकवण्याचा १२० तासांचा टेफल कोर्सही केलाय मी. तिथली मुलं कशी असतात, शिकवावं कसं लागतं? कुणी जाऊन आलं असेल तर कृपया लिहा.

भुसावळ_जंक्शन
माझा भाचा तिकडे एमबीबीएसला होता. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय शिकवणी घेणाऱ्या पोरांना विद्यापीठातून सक्त ताकीद मिळायची. व्यापाराच्या व्हिसावर शिकवणं तर त्याहून वाईट. थांबा जरा.

यावलची_लेक
भाऊ, मी २०१४ साली अशीच एम व्हिसावर गेले होते. झेजियांग प्रांतात शाओशिंग शहर आहे, तिथल्या केचियाओ भागात कापडाचा मोठा बाजार भरतो. आपले भारतीय व्यापारी तिथे भरपूर, त्यामुळे एम व्हिसावर आलेली भारतीय बाई कुणाच्या नजरेत येत नाही. माझ्या एजंटला हे बरोबर ठाऊक होतं.

आधी नियम सांगते. चीनमध्ये इंग्रजी भाषा शिकवायचा परवाना सहसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका इथल्या नागरिकांनाच मिळतो. तुमचं इंग्रजी उत्तम असेल, टेफल असेल, पण आड येतो तो पासपोर्ट. दुसरं, कामाचा व्हिसा म्हणजे झेड. तो इथूनच घेऊन जायचा असतो, आणि त्याआधी तिथल्या संस्थेने काढलेलं वर्क परमिटचं सूचनापत्र तुमच्या हातात यावं लागतं. झेडवर उतरल्यावर ३० दिवसांत राहण्याचा परवाना करतात. "तिथे गेल्यावर बदलू" हे वाक्य मलाही ऐकवलं होतं. २०१३ च्या जुलैपासून लागू झालेल्या कायद्यात बेकायदा काम करणाऱ्याला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडी.

मला कोठडी नाही झाली. सातव्या महिन्यात वर्गावर तपासणी आली, दंड भरला आणि परत आले. पण दंडाचं दुःख मी कधीच विसरले. दुसरी एक गोष्ट विसरता येत नाही. पहिल्याच दिवशी क्लासच्या मालकिणीने सांगितलं, पालकांनी विचारलं तर कॅनडाची म्हण. मी म्हटलं. सात महिने म्हणत राहिले. आठ वर्षांची एक पोरगी रोज पुढच्या बाकावर बसायची. तिने विचारलं, टीचर, तुमच्या घरासमोर बर्फ किती साचतो? मी हात कमरेपर्यंत नेऊन दाखवला. आमच्या घरासमोर केळीची बाग आहे भाऊ. मे महिन्यात अंगणात अनवाणी पाय ठेववत नाही. आणि त्या पोरीने वहीत बर्फातलं घर काढून मला भेट दिलं. ते चित्र अजून माझ्या ट्रंकेत आहे.

आता मुलांचं विचारलंत. मुलं फार गुणी. तिसरीपासून इंग्रजी असतं, आणि पुढे गाओकाओ नावाची परीक्षा, आपल्या बारावीसारखी पण कॉलेजचं सगळं तिच्यावरच. बहुतेक ठिकाणी ७५० पैकी १५० गुण इंग्रजीचे. म्हणून मोठ्या मुलांचं व्याकरण आणि शब्द पक्के, पण तोंड उघडत नाहीत. चुकलं तर चारचौघांत नाक कापलं जाईल ही भीती. त्यांच्या भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, 'काल' म्हटलं की भागतं, म्हणून "यस्टरडे आय गो" येतं. तो आणि ती दोघांचा उच्चार एकच, 'था'. मग बोलताना ही आणि शीची अदलाबदल होणारच. शब्दाच्या शेवटी न किंवा नाकातला ङ सोडून व्यंजन जवळपास येतच नाही, म्हणून डॉगचं "डॉगा", बुकचं "बुका". मी त्यांना तोंडापुढे तळहात धरायला लावायचे. "बुक" म्हटल्यावर हातावर वारा लागला पाहिजे, पण मागून 'आ' यायला नको. दहाबारा दिवसांत जमायचं.

मी एकदाही कुणाला हसले नाही. पुण्यात बी.एड.ला असताना मी "केयी" आणि "डोया" म्हटलं की वर्ग हसायचा. आमच्या लेवा बोलीत ळचा यच होतो. महिनाभर मी तोंड मिटून बसले होते. ते आठवायचं म्हणून त्या मुलांपुढे धीर धरता आला. शिकवायचं काम मला फार आवडलं, हे मी आजही सांगते. खोटं बोलून करावं लागलं एवढंच.

तुमच्याकडे गणित किंवा विज्ञानाची पदवी असती तर आंतरराष्ट्रीय शाळेत विषय शिक्षक म्हणून झेडवर जाता येतं, तिथे इंग्रजी भाषिक देशाच्या पासपोर्टची अट आड येत नाही. घरबसल्या ऑनलाइन शिकवायचा विचार असेल तर २०२१ च्या जुलैत परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून तिथल्या मुलांना शिकवायला त्यांनी बंदी घातली. आणि एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलंय का बघा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं.

शिरपूरचा_मास्तर
ताई, मना डोकामा आते उजेड पडना. ई-मायग्रेटवर बघितलं, त्याचं नाव नाही. सूचनापत्र मागितलं तर म्हणाला, एवढा अविश्वास असेल तर राहू द्या, पण ऐंशी हजार परत मिळणार नाहीत. घरी अजून सांगितलेलं नाही.

यावलची_लेक
मूळ पासपोर्ट कुणाकडे आहे?

शिरपूरचा_मास्तर
त्याच्याकडेच. व्हिसासाठी लागतो म्हणून दिला होता.

यावलची_लेक
पैशांचं नंतर बघू, पावती आणि मोबाइलवरचे मेसेज जपून ठेवा. उद्या सकाळची पहिली गाडी धरा, वडिलांना सोबत घ्या, आणि आधी पासपोर्ट हातात घ्या. आज रात्रीच घरी सांगा भाऊ.