शाळेला दांडी मारली, शाळेतून पयालो, का शाळा बुडली?

मोतीबाग

परवा पोरगी पुण्यावरून फोनवर सांगत होती, बाबा आज मी लेक्चर बंक केलं. म्हटलं बंक काय बंक, सरळ दांडी मारली म्हण ना. तर ती म्हणते दांडी म्हणजे कोणती दांडी, कपडे वाळत घालायची का छत्रीची? अडकलो ना राव. चाळीस वर्षं झाली शब्द तोंडात हाये, कृतीही केलेली हाये भरपूर, पण दांडी कायची ते कधी डोक्यातच आलं नाही. म्हणून विचारतो, कोणाला व्युत्पत्ती माहीत असेल तर सांगा, नाहीतर तुमच्या गावात काय म्हणत ते तरी सांगा.

माझं सांगतो. गाव दारव्हा तालुक्यात, हायस्कूल चार किलोमीटरवर दारव्ह्याले, पायी. 88 ते 91, म्हणजे आठवी ते दहावी. आम्ही पोट्टे दोन शब्द वापरायचो आणि त्यात फरक होता. घरून डबा घेऊन, केसाले तेल लावून, आईले 'येतो' म्हणून निघालो पण शाळेत पोचलोच नाही, ती दांडी. आणि शाळेत गेलो, हजेरीले यस्सर म्हटलं, मधल्या सुट्टीत दप्तर खिडकीतून खाली कपाशीच्या पऱ्हाटीत टाकलं आन मागून आपण उडी मारली, ते पयणं. (आमच्याकडं ळ चा य होते, पळणं नाही पयणं. माही आजी तर शाळेलाही शाया म्हणे.) पयण्यात इज्जत जास्त होती. दांडी कोणीबी मारते, पयायले हिंमत लागते.

पयून जायचं कुठं, तर शकुंतलेवर. मूर्तिजापूर ते यवतमाळ, 113 किलोमीटर, नॅरोगेज, आणि तेव्हा कोळशाचं वाफेचं इंजिन, डिझेल 94 मध्ये लागलं. चढावावर गाडी अशी दमायची का आम्ही खालून तिच्या संगं चालत बोलायचो डब्यातल्या माणसांशी, मग कोणी हात दिला का चढायचं, पुढच्या ठेसनावर उतरून रुळावरून पायी वापस. रस्त्यात बोरं, चिचा, कोणाच्या वावरातला हरभरा. एकदा होळा भाजून खाल्ला आन तोंड पुसायचं राहिलं, घरी गेलो तं आईनं फक्त आरसा आणून दिला हातात. बोलली काहीच नाही. कायीकुट्ट मिशी आलेली.

तर दांडी कायची?

काटेकोर

तराजूची असावी. हिंदीत डंडी मारना म्हणजे मापात कमी देणे, दुकानदार करंगळीनं तराजूची दांडी दाबतो ते. शाळेला जेवढा दिवस द्यायचा तेवढा दिला नाही, मापात मारलं, तिथून अर्थ सरकला असेल. हा माझा तर्क आहे, पुरावा म्हणून कुठे वापरू नका.

दुसरा तर्क क्रिकेटचा सुचतो, दांडी उडाली, दांडी गुल वगैरे. पण तिथे दांडी उडते, मारत नाहीत, त्यामुळे तो मला पटत नाही. आणि दडी मारणे वेगळं, ते लपणं. पाऊस दडी मारतो. हल्ली पेपरात 'पावसाची दांडी' पण छापून येतं, म्हणजे पाऊस शाळेत होता आणि गैरहजर राहिला अशातला प्रकार, पण विदर्भात शाळा 26 जूनला उघडायच्या आणि नेमका तेव्हाच पाऊस गायब व्हायचा त्यामुळे दोन्ही चालून जातं म्हणा.

वणीचा

काटेकोर भाऊ, तराजूचं बरोबर वाटते पण आमच्याकडे मापात मारलं का 'काटा मारला' म्हणतात. व्यापारी काटा मारते, पोट्टं दांडी मारते. मंग एकाच तराजूचे दोन भाग वाटून घेतले का काय लोकायनं?

आमच्या इतिहासाच्या गुर्जीची व्युत्पत्ती वेगळीच होती. दांडी मारून दुसऱ्या दिवशी वर्गात गेलं का उभं करत आन म्हणत, "गांधीजी साबरमतीवरून निघाले, 24 दिवस चालले तवा कुठं दांडी आली. तू पानठेल्यापर्यंत गेला आन तुले दांडी भेटली?" सगळा वर्ग हासे. मंग शिक्षा काय, तर मैदानातलं गाजरगवत उपटा. त्याच्यावरबी त्याईचा डायलॉग तयार राहे, का आपल्याकडं समुद्र नाही, मीठ कुठून आणाव, म्हून आपल्या वणीच्या बापूजी अण्यांनी 10 जुलै 1930 ले पुसदले राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला, घे, तूबी काप. म्हंजे आमची दांडी आन आमचा जंगल सत्याग्रह एकाच आठवड्यात होऊन जाये. खरं सांगतो, तारीख मले त्या गवतामुयंच पाठ हाये, बोर्डाच्या परीक्षेतबी लिवली होती.

पंचगंगाकाठ

आमच्यात बुट्टी मारली म्हणत्यात. पण घरात बुट्टी म्हणजे टोपली, भाकरीची बुट्टी. कानडीतबी टोपलीला बुट्टीच. आता टोपलीचा आणि शाळा चुकवायचा काय संबंध ते मात्र विचारू नका. टोपलीखाली लपायचं असेल.

मोतीबाग

बुट्टी आमच्याकडेही होता! अमरावतीचा आतेभाऊ म्हणायचा, आम्ही त्याले शहरी शब्द समजायचो. मला आपलं उगाच वाटायचं का बुडी मारणे वरून आला असेल, नदीत बुडी मारतात तशी शाळेतून बुडी, इकडं मुंडकं खाली गेलं आन तिकडं संध्याकाळी घरी वर आलं. टोपली असते हे आज कळलं, आता सगळाच घोळ झाला.

आर्वीची लेक

सगळे वाचले. मजा आली पण एक गोष्ट लिहावीशी वाटली म्हणून लिहिते, जरा लांब होईल.

तुम्ही सगळे 'मारली' म्हणताय. दांडी मारली, बुट्टी मारली. आमच्या घरी हे क्रियापद भावांसाठी होतं. माझी आणि बहिणीची शाळा 'बुडायची'. आपोआप. जसं ढगं येतात तसं. दसरा झाला की कापूस फुटायला लागे, पहिल्या वेच्याच्या दिवशी सीतादही व्हायची, आई वावरात पूजा मांडून दहीभात शिंपडायची आणि त्या दिवसापासून आमची शाळा बुडायला सुरुवात. कोणी कधी म्हटलं नाही की आम्ही पोरींची शाळा बुडवतोय. "कापसाचे दिवस हायेत, शाळा बुडते थोडीशी." कोण बुडवते? कोणी नाही. कापूस. कमरेला ओटी बांधायची आणि ओळीनं वेचत जायचं, बोंडाच्या टोकांनी नखाच्या बाजूची कातडी निघते, मग सोमवारी शाळेत पेन धरला की चुरचुर. संध्याकाळी मजूर बायांचा कापूस मोजायला काटा लागे, किलोवर मजुरी. आम्हा दोघींचाही मोजायचे पण तो नुसता कौतुकासाठी, "पोरीनं आज बारा किलो काढला" एवढं म्हणायला. त्यामुळे तराजूच्या दांडीचा विषय निघाला तेव्हा मला आधी तो काटाच दिसला.

बाईंनी हजेरी घेताना विचारलं की भाऊ मान खाली घालायचे, कारण त्यांनी मारलेली असायची. आम्ही ताठ उभ्या. बुडाली बाई, कापूस होता. बाईपण काही बोलायच्या नाहीत, त्यांच्याही वावरात कापूसच असेल.

तर मी एकदाच मारली. दहावीला, डिसेंबरात. आम्ही तिघी मैत्रिणी. तिघींपैकी एकीच्या मामाचा संत्र्याचा बगीचा होता, आंबिया बहाराची तोड जवळजवळ संपलेली, झाडावर राहिलेली चुकार फळं. शाळेच्या फाट्यावर एस्टीतून उतरलोच नाही, पुढे गेलो. कंडक्टर म्हणाला शाळा गेली मागं, आम्ही म्हटलं माहीत आहे. बस. दिवसभर काही केलं नाही हो, म्हणजे सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. झाडाखाली बसलो, संत्री खाल्ली, बिया कोण लांब थुंकते त्याची शर्यत लावली, एकीनं गाणी म्हटली, झोपलो. उन्हात. मला आठवतं की झोपेतून उठल्यावर क्षणभर भीती वाटली की वेचा राहिला कोणतातरी, आणि मग लक्षात आलं की आज काहीच राहिलेलं नाही.

घरी जायच्या आधी विहिरीवर हात धुतले, मातीनं घासले, तरी संत्र्याच्या सालीचा वास जात नाही तो. आई चुलीपुढे होती. पाणी द्यायला वाकले तर तिनं माझा हात धरून नाकाशी नेला. आणि म्हणाली, "शाळा बुडवली का वं?"

बुडवली! माझ्या जन्मात पहिल्यांदा 'बुडली' चं 'बुडवली' झालं. रागावली का विचाराल तर थोडी, भाकरी उलटायची होती म्हणून फार नाही.

काटेकोर

यावर व्याकरण सांगायला जीव होत नाही पण सवय आहे. बुडणे अकर्मक, बुडवणे प्रयोजक. कर्जाचंही तसंच आहे, बँकेचं कर्ज 'बुडालं' आणि शेतकऱ्यानं कर्ज 'बुडवलं' यात बातमीदार कुठला शब्द घेतो त्यावरून तो कोणाकडून बोलतोय ते कळतं. शाळेचं मात्र मी असं कधी पाहिलं नव्हतं.

मोतीबाग

ताई, वाचून दोन दिवस झाले, काय लिहावं सुचत नव्हतं. आमच्या घरी बहीण होती आणि मी वर जे शकुंतलेचं लिहिलं ना, त्या वेळी ती कुठं होती ते मला आठवत नाही. वावरातच असेल. तिला विचारलं काल. म्हणे "मले नको विचारू, तूच लय फिरला."

पण बुडण्याचा एक प्रकार आम्हा पोट्ट्यांच्याही वाट्याला यायचा. तेव्हा कापूस एकाधिकार योजना होती, 72 पासून लागू झालेली, कापूस सरकारी केंद्रावरच द्या. जिनिंगसमोर बैलबंड्यांची रांग अर्धा-अर्धा मैल. बाबा कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या मागे आन बंडीवर राखण मी. दोन-दोन रात्री. शाळा बुडली असं आईनं मास्तरांना सांगितलं, अगदी तुमच्यासारखं, पण खरं सांगायचं तर मले ते दिवस दांडीपेक्षा गोड. कापसाच्या गंजीत खड्डा करून झोपायचं, थंडीत त्याच्याएवढी ऊब कशातच नाही, बाजूच्या बंडीतला पोट्टा उठवून म्हणे रांग सरकली, मंग बैलं जुपायचे, दहा पावलं पुढे, पुन्हा सोडायचे. रात्री कोणीतरी भजनं म्हणायचं. चहा आणि आलुबोंडे बाबांच्या पैशानं. आता ह्याला काय म्हणाव? मी बुडवली नाही, मारली नाही, आन बुडली म्हणाव तं इतकी मजा करणाऱ्याची शाळा बुडाली म्हणायले लाज वाटते.

वणीचा

खाडा. काम असलं, घरच्याले माहीत असलं, म्हंजे खाडा. आमच्या सालदाराचे, म्हंजे सालभरासाठी ठेवलेल्या गड्याचे, खाडे राहायचे, गुढीपाडव्याले साल संपलं का बाबा कॅलेंडरवरच्या फुल्या मोजून हिशोब करत. म्हातारी लोकं नागा म्हणत, 'एक दिसाचा नागा झाला.' पण दोन्हीत मजुरी कटते. तुमची कटली नाही, उलट आलुबोंडे भेटले. म्हून खाडाबी नाही बसत. जाऊ द्या, गोड मानून घ्या.

झाडीतला

आमच्या इकडं, म्हंजे वडसा-ब्रह्मपुरी, दांडी मारायचा चान्सच कमी. पटाच्या, म्हंजे बैलांच्या शर्यतीच्या दिवशी शाळा आपोआप बंद. शंकरपट असला का अख्खं गाव, पावने, बैलं, दुकानं, तिथं शाळेत बसनार कोन? हेडमास्तर आधीच अर्धी सुट्टी जाहीर करत, इज्जत वाचवायला. सुट्टी दिली का दांडी कुठली. 2014 ला पट बंद झाला कोर्टानं, 2021 च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी भेटली, मधल्या पोरांनी पट पाहिलाच नाही आनि त्यायच्या शाळा मात्र त्या दिवशी पूर्ण भरल्या.

आमची खरी अडचन दुसऱ्या दिवशीची. पटाच्या रात्री नाटक, झाडीपट्टीचं नाटक म्हंजे दहा-अकराला पडदा उघडते आनि सकाळी कोंबडा आरवला तरी शेवटचा अंक चालू. तिथून सरळ शाळेत. बाकावर बसून, डोळे उघडे ठेवून झोपायचो, आनि नाव पुकारलं का झोपेतच हजर म्हनायचो. एकदा मी हजर म्हटलं ते नाटकातल्या इन्स्पेक्टरच्या आवाजात, छडी खाल्ली. शाळेत आहे बी आनि नाही बी, याला शब्द सांगा कोनी. दांडीच्या उलट आहे ते.

पंचगंगाकाठ

त्याला आमच्यात नोकरी म्हणत्यात.

आर्वीची लेक

😄 झाडीतले दादा, त्या इन्स्पेक्टरचा डायलॉग आठवत असेल तर टाका.

मोतीबाग दादा, बंडीतल्या रात्रीला मी तरी 'बुडली' च म्हणेन. बुडालेल्या शाळेत मजा येऊ नये असं कुठं आहे. आम्हीही वेचताना काय काय बोलायचो, सगळं लिहिण्यासारखं नाही.

मोतीबाग

बरं, पोरीला फोन लावला होता आज. तराजू सांगितला, बुट्टी सांगितली, पुसदचं गवत सांगितलं, तुमच्या संत्र्याच्या वासाचं पण सांगितलं. शांतपणे ऐकलं तिनं सगळं आणि म्हणे, "बाबा पण त्या दिवशीचं तर ऐका ना, नंतर कळलं, सर पण आले नव्हते."

म्हणजे दांडी वाया गेली पोरीची. ह्याच्यासाठी कोणाकडे शब्द असेल तर सांगा.